रिकामी चकती परत देऊ नये

खेळ वाढवला? मी? कुणी सांगितलं तुम्हाला? ह्या चैत्रालीनं ना? आपल्या मराठी मंडळाची अध्यक्ष झाली तेव्हापासून जो दिसेल त्याच्या हातात माईक देत सुटलीये. मला म्हणते कशी, "काकू, डिस्क गोल्फचा प्रसार कसा करावा, यावर दोन शब्द बोला ना!" अगं, दोन शब्दांत मावतं का ते? आणि प्रसार मी केलेला नाही, तो झाला… बाथरूमच्या कोपऱ्यात बुरशी येते, ती काय कुणी आमंत्रण देऊन आणतं? आपली आपण येते, आणि मग जाता जात नाही. तसा हा खेळ माझ्या परसात आला. थांबा, आधी ती खुर्ची इकडे सरकवा, उभं राहून नाही जमायचं मला, गुडघे गेलेत माझे… आणि ते कशानं गेले, तेच तर सांगायचंय.

तर तुम्हाला सांगते, मी कुणाच्या मध्ये पडत नाही. हसू नका! रेखा, तू तर अजिबात हसू नकोस, तुझं मी पुढे काढणारच आहे. खरंच नाही पडत हो मी कुणाच्या मध्ये. पण आता माझं स्वयंपाकघर घराच्या मागच्या अंगाला, सिंकसमोर खिडकी, खिडकीसमोर परस, परसाला लागून टाउनशिपचं, म्हणजे इथल्या नगरपालिकेचं, पार्क… मग मी काय डोळे मिटून भांडी घासू? जे दिसतं ते दिसतं! आणि दिसलं की माणूस विचारतोच ना, का नाही विचारत?

तर ह्या पार्कात दोनेक वर्षांपूर्वी टाउनशिपनं खांब रोवले. मला वाटलं, दिवे लावतायत. म्हटलं बरं झालं, अंधारात हरणं येऊन माझी मेथी खातात. तर दिवे कसले! प्रत्येक खांबावर एक लोखंडी टोपली, आणि टोपलीवर साखळ्या लोंबतायत, नवरदेवाच्या मुंडावळ्यांसारख्या. मी आमच्या आन्याला विचारलं, हे काय गं? ती फोनमधून डोकं वर न काढता म्हणाली, "डिस्क गोल्फ, मॉम." आमची लेक इथं अमेरिकेत जन्मली, तिला दोन शब्दांच्या वर उत्तर द्यायचं म्हणजे शिक्षा वाटते. मग मीच कुंपणाशी उभी राहून बघितलं. गोल्फ म्हटलं की काय, श्रीमंतांचा कारभार, नाही का? पांढरे बूट, छोटी गाडी, क्लबची मेंबरशिप… हा तसला नव्हे. हा आपल्यातला गोल्फ. काठी नाही, चेंडू नाही. ताटलीएवढी प्लॅस्टिकची चकती घ्यायची आणि फेकायची त्या टोपलीकडे. पडली तिथून परत फेकायची. साखळीवर आपटून टोपलीत पडली की पुढच्या टोपलीकडे चालायला लागायचं. ज्याला कमी फेकी लागल्या तो जिंकला. संपला खेळ! तिकीट नाही, ड्रेस नाही, पँट कमरेवर आहे की खाली घसरलीये, तेसुद्धा कुणी बघत नाही.

फक्त एक घोळ. चकती सरळ जात नाही! जाते जाते आणि शेवटी डावीकडे कलते. आणि सहाव्या टोपलीच्या डावीकडे काय आहे? माझं परस आहे! दोडक्याच्या मांडवात चकती, टोमॅटोत चकती, एकदा तर मागच्या डेकवर, लाकडी ओट्यावर, पापड वाळत घातले होते, त्यांच्यात येऊन बसली. आमचे हे रंगाला फसून तिच्यावर तेलाचा हात फिरवणार होते! पण तेव्हा खेळायलाच कुणी येत नव्हतं, चार टाळकी यायची, त्यामुळे मी काही बोलले नाही. मी कुणाच्या मध्ये पडत नाही.

आता अरुणकाकांकडे येते. तुमच्यातल्या पुष्कळांनी पाहिलंय त्यांना. आमच्या शेजारी नेत्रा आणि यतीन राहतात, तो गाड्यांच्या कंपनीत सीटबेल्टचं काहीतरी करतो, ती हॉस्पिटलात. अरुणकाका हे नेत्राचे बाबा. सांगलीचे. साखर कारखान्याच्या ऑफिसात हेडक्लार्क होते. नेत्राची आई गेली, घरात एकटा माणूस, हिला दुसरं भावंड नाही, म्हणून ही त्यांना इकडे घेऊन आली. ऐन बर्फात. आणि ते येऊन सोफ्यावर बसले. बसले म्हणजे बसलेच हो! मी थालीपीठ घेऊन जायची. "काका, बरं आहे ना?" "बरं आहे." "थंडी सोसते का?" "सोसते." "टीव्ही लावू का?" "नको." अहो, माझ्यासमोर दगड बोलायला लागतो, पण हा माणूस! एकच वाक्य ते लांबलचक बोलायचे, तेही खिडकीकडे बघत, "लेकीच्या घरी माणसानं किती दिवस राहायचं, शुभाताई?" यतीन बिचारा जावई असून चहाचा कप हातात आणून द्यायचा, तर तो कप घेताना यांचा जीव अर्धा व्हायचा. जावयाच्या हातचा चहा! आपल्याकडच्या त्या वयाच्या माणसाला गळ्याखाली उतरत नाही हो तो.

मग बर्फ वितळलं. एक दिवस ते डेकवर उन्हाला बसलेले, आणि इकडे माझ्या परसात चकती येऊन पडली. फेकणारा पोरगा कुंपणापलीकडून "सॉरी, मॅम!" म्हणतोय. माझा खांदा धरलेला, मी फेकणार कशी? मी ओरडले, "काका, जरा एवढी ही चकती पलीकडे टाकून द्या हो!" ते आले. उचलली. उलटीसुलटी बघितली, हेडक्लार्क ना, सही करायच्या आधी बघणारच. आणि फेकली. आता ती पोराकडे जायला नको का? ती गेली पोराच्या डोक्यावरून, गेली, गेली, डावीकडे कलली आणि… खळ्ळ! साखळीत! टोपलीत! पोरानं तर तिथेच लोळण घेतली. आणि काका आपले हाताकडे बघत उभे. मग माझ्याकडे वळून म्हणतात, "परत टाकू का?"

तुम्हाला सांगते, अमेरिकेत आल्यापासून त्या माणसानं स्वतःहून विचारलेला तो पहिला प्रश्न!

झालं. दुसऱ्या दिवसापासून डोक्यावर पांढरी टोपी, अंगात स्वेटर, पायात यतीनचे बूट, पुढे दोन मोजे घालून फिट केलेले, आणि काका पार्कात. सकाळी जायचे ते उन्हं तापली की यायचे. रंग रापला, भूक लागायला लागली, नेत्राच्या हातची भाकरी मागून घ्यायला लागले. एक दिवस नेत्रा माझ्या स्वयंपाकघरात आली आणि घळाघळा रडायला लागली. मी घाबरलेच. "काय झालं गं?" तर म्हणते, "काकू, बाबा आज जेवताना आईबद्दल बोलले. आई असती तर तिनं ह्या चकतीवर पहिल्यांदा कुरडया वाळत घातल्या असत्या, म्हणाले… आणि हसले." मग मीही रडले. मला काय, कुणी रडलं की येतंच.

आणि तेवढ्यात तो बोर्ड लागला, मेला.

पार्काच्या वाटेवर, टोपल्या काढण्याबद्दलचा. मी वाचला, आन्याला वाचायला लावला, मग टाउनशिपच्या ऑफिसात फोन केला. तिथे डेबी म्हणून बाई आहेत, पार्कांचं सगळं बघतात. फार गोड हो बोलायला! "हाऽऽय, शूबा! ते डिस्क गोल्फ ना, तो एक प्रयोग होता, स्वीटहार्ट. कुणी येतच नाही ना तिकडे! सप्टेंबरच्या मीटिंगमध्ये ठरेल, पण गेटवरच्या यंत्राचा आकडा असाच राहिला तर टोपल्या निघतील आणि तिथे कुत्र्यांसाठी पार्क होईल. हॅव अ ब्यूटिफुल डे!" आता ब्यूटिफुल कसला डोंबलाचा? माझं कुत्र्यांशी काही वैर नाही. पण काकांनीही तो बोर्ड वाचला होता. घरी आले, बूट काढले, मोजे काढले, घडी घालून ठेवले आणि सोफ्यावर बसले. नेत्राला म्हणाले, "माझं तिकीट बघ. सप्टेंबरअखेरचं."

नेत्रा माझ्याकडे. "काकू, काहीतरी करा ना! बाबा तिकडे गेले की फ्लॅटचं दार लावून बसतील. मला फोनवर 'बरं आहे' म्हणतील, आणि मला इथून काहीच दिसणार नाही." आता मला सांगा, मी कुणाच्या मध्ये पडत नाही, पण कुणी हाताला धरून मध्ये ओढलं तर काय करायचं?

म्हटलं, गेटवरचा आकडा वाढवायचा ना? वाढवू. माणसं आणू. मंडळाच्या पिकनिकला उठून उभी राहिले, म्हटलं, चला, सगळे डिस्क गोल्फ खेळू! अहो, काय सांगू तुम्हाला… तुम्हीच होतात तिथे, आता माना खाली घालू नका! एक म्हणतो, "काकू, क्रिकेटचं पिच केव्हा मिळेल ते विचारा ना." दुसरी म्हणते, "आम्ही पिकलबॉल खेळतो." आणि हा विक्रम… कुठे गेला? हां, तो मागे लपलाय… हा मला गंभीर चेहरा करून विचारतो, "मावशी, याचं लेव्हल-वन लेव्हल-टू असं काही सर्टिफिकेट असतं का? मुलाच्या कॉलेज अ‍ॅप्लिकेशनला चालेल?" अरे बाबा, चकती फेकायची आहे! टोपलीत! आनंद होतो त्यानं! तर म्हणतो, "नुसता आनंद यार… स्कोप नाही." आणि खमंग काकडीकडे गेला निघून.

मग म्हटलं, पुरुषांचं सोडा, बायका हाताशी धराव्यात. जानेवारीत बर्फाचं वादळ झालं म्हणून संक्रांतीचं हळदीकुंकू कॅन्सल केलेलं, ते आम्ही जूनमध्ये घेतलं होतं. रथसप्तमी केव्हाच गेली म्हणू नका, इथं सण हॉलच्या बुकिंगप्रमाणे येतात. तर मी ठरवलं, यंदा वाण म्हणून चकत्या लुटायच्या! घराघरात चकती गेली की घराघरातून माणूस बाहेर पडेल, आहे की नाही डोकं? यतीननं मस्त रंगीत चकत्या आणून दिल्या. हळद लावली, कुंकू लावलं, हातात चकती, चकतीवर तिळगूळ. काकांनी स्वतः प्रत्येकीला सांगितलं, "ताई, ही अंगठा वर ठेवून धरायची." सगळ्या म्हणाल्या, "अय्या, कित्ती छान!" मी म्हटलं, जिंकलं!

पुढच्या आठवड्यात रेखाकडे गेले, तर चकती दुधाच्या पातेल्यावर. झाकण! दुसरीकडे गेले, तर कुंडीखाली. तिसरीनं तर कौतुकानं दाखवलं, "शुभाताई, बरोब्बर काठ आहे हो, भाकरीचं पीठ सांडत नाही, अजून आहेत का?" आणि सगळ्यांनी मागे नावं घातलेली! भांडं म्हटलं की नाव घालायचं, मग ते स्टीलचं असो की प्लॅस्टिकचं. म्हणजे खेळाचा प्रसार शून्य आणि झाकणांचा प्रसार घरोघरी.

काका नुसते म्हणाले, "असू द्या. उपयोगी वस्तू आहे." आणि सोफा.

मग मी हट्टालाच पेटले. म्हटलं, खेळू नका बाई, नुसत्या चाला! गेटमधून आत जा, बाहेर या. डेबीचं यंत्र मोजेल की! झालं, रोज संध्याकाळी आम्ही बायका गेटमधून आत, झाडाला वळसा, बाहेर, परत आत… मारुतीच्या देवळाला घालाव्यात तशा प्रदक्षिणा. ऑगस्टचं ऊन, डास, माझे गुडघे बोंबलतायत, रेखा म्हणते, "शुभाताई, माझं वजन उतरलं." उतरणारच! आणि एवढं करून मी डेबीला फोन केला, काय गं, आकडा वाढला की नाही? तर म्हणते, "शूबा, हनी, कसला वाढतोय? ते यंत्र म्हणजे पार्किंगच्या तोंडाशी रबराची नळी टाकलीये ना, ती. त्यावरून गाडी गेली की मोजलं जातं."

गाड्या! ती गाड्या मोजत होती! आणि आम्ही सगळ्या शेजारच्या, चालत जाणाऱ्या! अहो, त्या नळीवर मी स्वतः उड्या मारल्या. आमचे हे लांबून म्हणाले, "अगं, तू अजून गाडीएवढी झाली नाहीस." आयुष्यात पहिल्यांदा कौतुक केलं, तेही अशा वेळी! म्हटलं, संपलं सगळं. नेत्राला काय तोंड दाखवू?

आणि त्याच आठवड्यात माझ्या दोडक्यात एक निळी चकती सापडली.

खेळणारा कधीच निघून गेलेला. मागे नाव, डस्टिन, आणि फोन नंबर. हे लोकही नाव घालतात बरं का! त्यांच्यात रीतच आहे, हरवलेली सापडली तर फोन करून द्यायची. मी केला फोन. आन्या ओरडली, "मॉम, जस्ट लीव्ह इट ऑन द फेन्स!" असं कसं फेन्सवर टाकायचं? कुणाची वस्तू, नाव घातलेली! डस्टिन आला. ट्रकएवढा माणूस, ट्रकमधून आला, छातीपर्यंत दाढी, दंडावर साप काढलेला. "मॅम, माझी डिस्क?" मी चकती उचलली आणि हात थांबला माझा. आता तुम्ही सांगा, दारात आलेल्या माणसाला, त्याचं नाव घातलेली ताटली, रिकामी कशी द्यायची? आपल्याकडे देतो का आपण? शेजारणीची वाटी सुद्धा चिमूटभर साखर टाकून परत जाते! डब्यात बेसनाचे लाडू होते, दोन ठेवले वर आणि दिली. तो चकतीकडे बघतो, माझ्याकडे बघतो. "मॅम, हे काय?" म्हटलं, "ईट." खाल्ला. उभ्या उभ्या. दाढीत बेसन. आणि डोळे असे झाले हो त्याचे… म्हणाला, "माझी आजी गेल्यापासून मला कुणी काही हातात दिलं नव्हतं." आता यावर मी काय करणार? अजून दोन दिले.

बास, तेवढंच मी केलं. हाच माझा प्रसार, लिहून घ्या!

पुढच्या शनिवारी डस्टिनची चकती परत माझ्या दोडक्यात. म्हटलं, होतं असं, डावीकडे कलते. मग डस्टिनच्या मित्राची. मग मित्राच्या मेव्हण्याची. मग लांबलांबच्या गावांहून, अ‍ॅन आर्बरहून कुणी, फ्लिंटहून कुणी. रिकामी कुणाची देणार? चिवडा संपला, शंकरपाळे संपले, मी केळीचे वेफर काढले. मग एकदा खिडकीतून बघते, तर एक बाप्या टोपलीकडे चक्क पाठ करून माझ्या घराकडे नेम धरतोय! मी खिडकीतून ओरडले, "एऽऽ! टोपली तिकडे!" तर हात हलवून म्हणतो, "हाय, शूबा! आज काय आहे?"

आणि रेखा! आता काढते तुझं. हिचं घर सातव्या टोपलीशी. हिच्याकडे एकही चकती पडेना, तर हिनं काय करावं? कुंपणाचं दार उघडं टाकलं आणि डेकवर ढोकळा मांडून बसली! विचारलं तर म्हणते, "मी कुठे काय, मी आपली वारा खात बसलेय." मग तिची ती झाकणं, कुंडीखालच्या थाळ्या, सगळ्या जणींनी घासून बाहेर काढल्या. म्हणाल्या, एवढे लोक येतात तर आपणही फेकून बघू. दुधाचा वास येणाऱ्या चकत्या फेकत होत्या बायका! आणि शिकवायला कोण? अरुणकाका! सोफ्यावरून उठून, टोपी घालून. एकीकडे डस्टिन, एकीकडे रेखा, मध्ये काका. "अंगठा वर, ताई. डस्टिन, यू आल्सो, थंब अप." तो सापवाला माणूस त्यांना "सर" म्हणायचा. आणि विक्रम… हो, सर्टिफिकेटवाला… मुलाला घेऊन आला आणि स्वतःच खेळत बसला, मुलगा गाडीत कंटाळून झोपला.

आणि प्रत्येक गाडी त्या नळीवरून, खडखड, खडखड. भांडी घासताना ऐकू यायचं मला.

सप्टेंबरची मीटिंग झाली. डेबी स्वतः घरी आली, गळ्यात पडली. "शूबा! टोपल्या राहणार! राहणारच नाही, पलीकडच्या रानात आणखी लावणार! पण मला सांग, तुझी स्ट्रॅटेजी काय होती?" कसली स्ट्रॅटेजी, माझे आई? स्ट्रॅटेजी म्हणजे दोन किलोचं बेसन आणि माझा उजवा दंड! पण मी तिला दारात उभी टाकून पळाले नेत्राकडे. गुडघे दुखत होते, तरी पळाले. "काका! टोपल्या राहिल्या! करा कॅन्सल तिकीट!"

काका बॅग भरत होते. कपडे थोडे, चकत्याच जास्त. मला म्हणाले, "बसा, शुभाताई. तिकीट राहू द्या."

मी बसलेच. मटकन. "अहो काका, म्हणजे? एवढं सगळं…"

"आधी जाणार होतो ते इथल्या सोफ्याला कंटाळून," ते म्हणाले. "पण तिकडेही सोफाच होता की! आता तसं नाही. आमच्या कॉलनीमागे मोकळं मैदान आहे, कट्ट्यावर माझ्यासारखे सगळे रिटायर्ड ओळीनं बसलेले असतात, एकमेकांच्या गोळ्यांची नावं सांगत. मिरजेला एक वेल्डर ओळखीचा आहे, त्याला टोपलीचा फोटो पाठवलाय. विहिरीची साखळी लावून देतो म्हणाला. हिवाळाभर त्यांना उठवतो कट्ट्यावरून."

नेत्रा दारात उभी. मला वाटलं, आता ही रडणार. "बाबा, मग परत कधी?"

"येईन की मे महिन्यात," ते म्हणाले. "आता काय, लेकीच्या घरी राहायला थोडाच येणार आहे? गोल्फच्या कोर्सवर खेळायला येणार आहे. मुक्काम तुझ्याकडे."

आणि यतीननं चहा आणला, जावयानं, आणि काकांनी तो घेतला हो, बशीत ओतून फुर्रकन प्यायले! नेत्रा हसायला लागली, मग रडायला लागली, मग मीही. मला काय, येतंच.

एअरपोर्टवर सोडायला डस्टिनचा ट्रक. मी लाडवांचा डबा दिला, तर काका म्हणाले, "कट्ट्यावरच्यांना दाखवायला कृती लिहून द्याल का?" म्हणजे तिकडेही कुणाची तरी बायको अडकणार आता यात.

गेले. फोनवर आता "बरं आहे" म्हणतच नाहीत, वेळच नसतो. नेत्रा खूश आहे, यतीन खूश आहे, डेबी खूश आहे. आणि मी? ज्या एका माणसाला थांबवून धरायला मी एवढा खटाटोप केला, तो हसत हसत विमानात बसला. आणि ज्यांना मी कधी या म्हटलं नव्हतं, ते दाढीवाले, सापवाले, मित्र, मेव्हणे… ते एकजात सगळे थांबलेत! त्यांना जायला सांगेल असा माणूस आहे का तुमच्यात कुणी? नाही ना? मला ठाऊकच होतं.

उद्या शनिवार. उठते आता… बेसन भाजायला घ्यायला हवं.